सुचेता इथे येऊन गेली होती

समरचा फोन आला तेव्हा शशिधर राजवाडे लंडनमधल्या हॅरोच्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, एकट्यापुरते केलेले पोहे खात बसले होते. स्क्रीनवर मुलाचं नाव दिसलं तशी त्यांनी चमचा खाली ठेवला आणि रिंग थोडी वाजू दिली. लगेच उचलला असता तर आपण वाट बघत होतो असं दिसलं असतं.

समर फार बोलला नाही. मे महिन्याच्या शेवटी एडिनबराला याल का, एवढंच त्याने विचारलं. शनिवारी बाहेर जायचंय, वॉटरप्रूफ जॅकेट आणि घट्ट बूट आणा. कुठे जायचं ते त्याने सांगितलं नाही आणि शशिधरांनीही विचारलं नाही. काय काय ठरलंय ते बघून कळवतो, असं ते म्हणाले. खरं तर सुचेता गेल्यापासून त्यांचं काहीच ठरलेलं नसायचं.

संध्याकाळी ते दोन घरं पलीकडे राहणाऱ्या संजयकडे गेले आणि चहा पिताना, सहज आठवल्यासारखं, मुलानं बोलावलंय म्हणून सांगितलं. संजय आणि त्याची बायको दोघांनाही मनापासून आनंद झाला. चार वर्षं बापलेकांत बोलणं नाही, हे तिथल्या मराठी मंडळात सगळ्यांना माहीत होतं. कारण मात्र नीट कुणालाच माहीत नव्हतं. मुलाने परस्पर रजिस्टर लग्न केलं, एवढंच शशिधरांनी बाहेर सांगितलेलं होतं.

घडलं होतं ते असं. समर एडिनबरात नोकरीला होता आणि तिथेच त्याला देविका भेटली. ती मूळची नागपूरची. सॉफ्टवेअरच्या कामासाठी व्हिसावर आलेली, शांत आणि स्पष्ट बोलणारी. समर तिला हॅरोला घेऊन आला. जेवताना शशिधरांनी तिचं आडनाव विचारलं. मेश्राम, ती म्हणाली. मग नागपुरात घर कुठे, वडील काय करतात, असे आणखी दोन-तीन प्रश्न त्यांनी विचारले. वडील निवृत्त हेडमास्तर होते. सुचेताने तिला आग्रह करकरून वाढलं, आणि तो दिवस नीट पार पडला.

दोन आठवड्यांनी दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांचा व्हिडिओ कॉल झाला; समरही होता. हवापाण्याच्या गप्पा झाल्यावर शशिधर हसतमुखाने म्हणाले, "तुम्ही लोकांनी फार मोठी मजल मारलीत, मेश्राम साहेब. खरंच कौतुक वाटतं. पण आमच्या घरातलं वळण जरा वेगळं आहे. मुलीला ते जड जाईल." हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "ठीक आहे, साहेब," असं म्हणून त्यांनी कॉल बंद केला. सुचेता शेजारच्या खुर्चीत बसली होती. ती काही बोलली नाही.

त्याच रात्री समरने सांगितलं, त्यांना फोन करा आणि माफी मागा. कशाबद्दल, ते शशिधरांना खरोखरच कळलं नाही. ते काही जुन्या वळणाचे नव्हते, निदान स्वतःला तसं समजत नव्हते. कौन्सिलच्या रस्ते विभागात त्यांनी सगळ्या रंगांच्या, सगळ्या धर्मांच्या माणसांबरोबर डबा खाल्ला होता. त्यांनी फोन केला नाही. लग्नाला गेले नाहीत. "तुला जायचं तर तू जा," असं ते सुचेताला म्हणाले, पण अशा आवाजात म्हणाले की ती गेली नाही. पुढे एकदा आमटी वाढता वाढता तिने सांगितलं, समरला मुलगी झाली. "बरं," ते म्हणाले. त्यानंतर त्या घरात तो विषय निघाला नाही.

नोव्हेंबरात सुचेता कॅन्सरने गेली. समर क्रेमेटोरियमला येण्याआधी शशिधरांनी त्याला मेसेज केला होता की एकटाच ये, मंडळाचे लोक असतील. समर एकटा आला. शवपेटीला खांदा दिला आणि तिथूनच परत गेला.

म्हणून हा फोन म्हणजे शशिधरांना फार मोठी गोष्ट वाटली. पोरगा निवळला, असं त्यांनी मनाशी धरलं. आई गेल्यावर माणूस वडिलांकडे वळतोच.

शुक्रवारी संध्याकाळी समर त्यांना एडिनबराच्या स्टेशनवर घ्यायला आला. बॅग हातातून घेतली, प्रवास कसा झाला विचारलं आणि जवळच्याच एका हॉटेलात नेऊन सोडलं. घर लहान आहे, तो म्हणाला. शशिधरांना ते खटकलं, पण त्यांनी स्वतःची समजूत घातली. आधी दोघंच बाहेर जाऊ, मोकळेपणाने बोलू, मग घरी. हे बरोबरच होतं. रात्री हॉटेलच्या आरशासमोर उभं राहून त्यांनी सुनेशी काय बोलायचं ते मनात जुळवलं. "झालं गेलं ते सोडून देऊ" हे वाक्य त्यांना चांगलं वाटलं.

सकाळी गाडी उत्तरेकडे निघाली. पर्थ शहर मागे पडल्यावर दोन्ही बाजूंना डोंगर उठायला लागले. समर मराठीत बोलत होता आणि शशिधरांच्या लक्षात आलं की त्याचं मराठी सुधारलंय. लहानपणी हा 'माझी हात' आणि 'तो चपाती' म्हणायचा. अजून अधूनमधून घसरत होता, पण वाक्यं सलग येत होती. कामाचं विचारलं तर म्हणाला, "कामच काम चालून राहिलंय सध्या."

शशिधर हसले. "'चालून राहिलंय' काय रे? 'चाललंय' म्हण."

"घरी असंच बोलतात," समर म्हणाला, आणि रेडिओ लावला.

मुख्य रस्ता सोडून ते एका दरीत उतरले आणि पाटी दिसली तेव्हा कुठे शशिधरांना कळलं की आज काय करायचंय. क्वाड बाइकवरून जंगलातून धबधब्यापर्यंत. चार जाड चाकांच्या, ट्रॅक्टरच्या पोरांसारख्या दिसणाऱ्या गाड्या एका शेडबाहेर ओळीने उभ्या होत्या. एकोणसत्तराव्या वर्षी हे कसलं खूळ, असं त्यांना वाटलं, आणि बरंही वाटलं. मुलगा आपल्याला म्हातारा समजत नाही.

गाइड म्हणजे कर्स्टी नावाची चाळिशीतली दणकट बाई होती. तिने हेल्मेटं, हातमोजे आणि चिखलाने आधीच रंगलेले वरचे कपडे दिले. साउथहॅम्प्टनहून आलेलं एक तरुण जोडपंही बरोबर होतं. उजव्या अंगठ्याखालचा थ्रॉटल, म्हणजे वेगाचा खटका, हळूहळू दाबायचा, वळताना शरीर आतल्या बाजूला झुकवायचं, माझ्या पुढे जायचं नाही, एवढं तिने शिकवलं आणि सगळ्यांना शेडमागच्या मैदानात गोल फिरवून आणलं. शशिधरांना ते जमलं. समरच्या हेल्मेटचा पट्टा ती तपासत होती तेव्हा तिने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला.

"अरे, तू परत आलास! आणि तुझी आई कुठेय? त्या दिवशी मला तिच्यामागे ओरडत धावावं लागलं होतं. माझ्या पुढे निघून गेलेली तेवढी एकच बाई."

 आई नोव्हेंबरमध्ये गेली, असं समरने हळू आवाजात सांगितलं. कर्स्टीने त्याच्या दंडावर हात ठेवला आणि फार वाईट झालं म्हणाली. मग तिचं लक्ष शशिधरांकडे गेलं, हे वडील असणार हे तिच्या ध्यानात आलं, आणि तिने त्यांनाही तेच सांगितलं. तुमची पत्नी फार गोड होती, फार हसवत होती आम्हाला.

शशिधरांनी मान हलवली. त्यांना काही विचारायचं होतं, पण इंजिनं सुरू झाली होती.

रांग निघाली. पुढे कर्स्टी, तिच्यामागे जोडपं, मग शशिधर, शेवटी समर. लाकूड तोडणाऱ्यांच्या ट्रकनी केलेला खडीचा रस्ता वर चढत गेला. दोन्ही बाजूंना स्प्रूसची झाडं इतकी दाट होती की आत उजेड पोचत नव्हता. कापलेल्या ओंडक्यांचे ढीग, त्यांचा ओला, राळेचा वास. शशिधर हे सगळं बघत होते, पण त्यांच्या डोक्यात एकच माणूस होतं.

सुचेता. क्वाड बाइकवर. त्यांची सुचेता कधी गाडीसुद्धा चालवत नव्हती. लंडनला आल्यावर एकदा ड्रायव्हिंग टेस्ट दिली होती, नापास झाली, तेव्हा तेच म्हणाले होते की राहू दे, तुला काय गरज, मी आहे ना. त्यानंतर ती कायम डाव्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन बसली. मोटरवेवर ते जरा वेगात गेले की तिचा पाय आपोआप पुढे दाबला जायचा. ती बाई इथे गाइडच्या पुढे निघून गेली होती.

आणि कधी? तिला तर ते कुठेच एकटीला सोडत नसत. फक्त लेस्टरला. आशाकडे. आशा तिची कॉलेजातली मैत्रीण, तिचे गुडघे गेलेले, तिला सोबत हवी असायची. सुचेता अधूनमधून तिच्याकडे जायची, दोन दिवस, कधी चार. शशिधरच तिला स्टेशनवर सोडायचे. मेट्रोपॉलिटन लाइनने किंग्ज क्रॉसला उतरायचं, तिथून लेस्टरची गाडी पलीकडच्या सेंट पँक्रसहून. एडिनबराची गाडी त्याच ठिकाणी, किंग्ज क्रॉसहून. ट्यूबमधून वर आल्यावर फक्त दुसऱ्या बाजूला वळायचं होतं.

हे त्यांना कळलं तेव्हा समोर ओढा होता. कर्स्टी हात वर करून थांबली, पाणी उथळ आहे पण मध्ये थ्रॉटल सोडू नका, असं ओरडून सांगितलं, आणि पार झाली. जोडपं किंचाळत पार झालं. शशिधर पाण्यात उतरले आणि मध्यावर त्यांचा अंगठा उचलला गेला. मुद्दाम नाही; हात ढिला पडला, एवढंच. बाइक दगडाला टेकून थांबली. पाणी बुटांत शिरलं. त्यांनी अंगठा पुन्हा दाबला तर चाकं जागच्या जागी फिरायला लागली आणि चिखल अंगावर उडाला.

मागे वळून बघितलं तर समर काठावर, स्वतःच्या बाइकवर बसून होता. तो त्यांच्याकडेच बघत होता. उतरला नाही. कर्स्टी पलीकडून पाण्यात शिरली, हँडल धरलं आणि त्यांना बाहेर काढलं. होतं असं, ती म्हणाली. पुढचा सगळा रस्ता ते गार ओल्या मोज्यांनी गेले.

धबधबा आधी ऐकू आला, मग दिसला. काळ्या खडकावरून तीन टप्प्यांत पडणारं पाणी, खाली तपकिरी डोह, कडेने बर्चची कोवळी पानं. कर्स्टीने सगळ्यांना बाइक बंद करायला लावल्या, थर्मासमधून हॉट चॉकलेट दिलं आणि जोडप्याचे फोटो काढायला त्यांना घेऊन खाली डोहाकडे गेली. तिला बहुधा अंदाज आला होता. वर फक्त बापलेक राहिले.

शशिधरांनी कप हातात घेतला, पण प्यायले नाहीत. "कधी आली होती?"

"सप्टेंबरमध्ये."

"सप्टेंबरमध्ये ती लेस्टरला होती. आशाकडे."

समरने हेल्मेट काढून मांडीवर घेतलं.

"किती वेळा आली होती?"

"मोजला नाही, बाबा. सान्वी झाली तेव्हा पहिल्यांदा. मग जमेल तेव्हा."

सान्वी. नातीचं नाव त्यांना असं कळलं. इतक्या दिवसांत त्यांनी ते विचारलं नव्हतं, आणि सुचेतानेही, माहीत असून, सांगितलं नव्हतं.

समरने मग सांगायला सुरुवात केली. तो हे सांगायची तयारी करून आला होता हे दिसत होतं. मधेच इंग्रजीत जात होता, पुन्हा मराठीत येत होता. आई आली की सान्वीला तीच अंघोळ घालायची. देविका आणि ती रात्री बसून देविकाच्या नागपूरच्या आणि आईच्या सांगलीच्या गप्पा मारायच्या, मसाला कसा वाटायचा यावरून भांडायच्या. बाळंतपणाला देविकाचे आईवडील आले होते, तेव्हाच आईही होती. सगळे एका घरात, चादरी टाकून झोपायचे.

"मेश्राम होते?" शशिधरांनी विचारलं.

"हो. आईने त्यांची माफी मागितली."

"माझ्या वतीने?" त्यांचा आवाज चढला. "मी तिला असं काही सांगितलं नव्हतं."

"तुमच्या वतीने नाही," समर म्हणाला. "ती म्हणाली, मी तिथे बसले होते आणि गप्प राहिले. त्याची माफी."

खालून त्या जोडप्यातल्या मुलीचं हसणं वर आलं. शशिधरांनी कप खडकावर ठेवला. पुढचा प्रश्न विचारू नये असं त्यांना वाटत होतं, तरी त्यांनी विचारला.

"आजाराचं तुला कधी सांगितलं तिनं?"

"ऑगस्टमध्ये. रिपोर्ट आला त्या आठवड्यात."

त्यांना सप्टेंबरच्या अखेरीस कळलं होतं. दुधी चिरता चिरता, सुरी न थांबवता, तिने सांगितलं होतं. त्यानंतर कित्येक दिवस ते भेटेल त्याला सांगत होते की या देशात निदानच वेळेवर होत नाही, डॉक्टरांनी उशीर केला, आपल्याकडे असते तर आधी कळलं असतं. संजयसमोर, मंडळात, क्रेमेटोरियमच्या दारातसुद्धा. सुचेता असेपर्यंत ती शेजारी बसून ते ऐकायची. एकदाही तिने त्यांना थांबवलं नव्हतं.

"का?" ते म्हणाले.

समर पाण्याकडे बघत बोलला. "तुम्हाला सांगितलं असतं तर तिला परत इथे येता आलं नसतं. तुम्ही सोडलं नसतं. आय नो, तुम्ही खूप काळजी घेतली असती. घेतलीच. पण सोडलं नसतं."

हे खरं होतं. शेवटचे दोन महिने ते तिच्या खोलीतून हलले नव्हते. औषधं, सूप, पाय चेपणं, सगळं त्यांनी स्वतः केलं होतं. त्याच एका गोष्टीचा त्यांना आधार होता. रात्री झोप लागली नाही की ते स्वतःला सांगायचे, मी काही कमी पडलो नाही.

"म्हणजे माझ्या घरात राहून," ते म्हणाले, "माझ्याच पैशानं तिकिटं काढून, ती माझ्याशी खोटं बोलत राहिली."

"तिचा पण घर होता ते, बाबा."

"आणि तू मला इथे आणलंस. त्या बाईच्या तोंडून ऐकवायला."

"नाही. तिला आठवत असेल असं मला वाटलं नव्हतं. मी सांगणार होतो. इथेच." समरने हेल्मेट मांडीवर फिरवलं. "आईनेच प्रॉमिस घेतला होता. बाबांना एकदा तिथे घेऊन जा, आणि सगळं सांग. माझ्याने झालं नाही, असं म्हणाली."

शशिधर उठले आणि कठड्यापर्यंत गेले. तुषार चेहऱ्यावर येत होते. सुचेता इथे काय करत होती, असं त्यांनी पाठमोऱ्यानेच विचारलं. समर म्हणाला, बूट काढून पाण्यात पाय सोडून बसली होती. बर्फासारखं पाणी होतं, तरी बसली. कित्येक दिवसांत पहिल्यांदा अख्खं सँडविच खाल्लं. देविका आणि सान्वी खाली शेडपाशी थांबल्या होत्या, त्यांना दाखवायला इथला एक दगड खिशात घालून नेला. आणि परत जाताना मुद्दाम हळू चालवली, लवकर संपू नये म्हणून.

माझं काही बोलली का, हा प्रश्न शशिधरांच्या तोंडाशी आला. त्यांनी तो विचारला नाही. समरने आपणहून काही सांगितलं नाही.

थोड्या वेळाने ते वळले. आवाज शक्य तितका साधा ठेवून म्हणाले, "बरं. आता इथून घरीच जाऊ ना? सान्वीला बघतो."

 समर अडतीस वर्षांचा होता, कानाजवळ पांढरे केस दिसायला लागले होते, आणि त्या क्षणी तो फार दमलेला दिसला.

"देविका नाही म्हणाली नाही," तो म्हणाला. "तिने एकच सांगितलं. आधी तिच्या बाबांना फोन करा. आजच असं नाही. कधी पण. मोठं काही बोलायला नको. चुकलं म्हणा, बस. नंबर मी देतो. मग तुम्ही कधी पण घरी या, मी स्वतः घ्यायला येईन हॅरोला."

म्हटलं तर फार सोपं होतं. नागपूरला संध्याकाळ होत आली असेल. एक माणूस फोन उचलेल, दोन शब्द बोलायचे. शशिधरांच्या मनात ते शब्द तयारही झाले. खाली धबधब्याजवळ ते जोडपं मिठी मारून उभं होतं आणि कर्स्टी त्यांना इकडे बघा म्हणत होती. नातीला मांडीवर घ्यावं, एवढंच या घडीला त्यांना हवं होतं.

पण त्याच वेळी त्यांना ते घर दिसलं. एका खोलीत चादरी टाकून बसलेली सगळी माणसं. मेश्राम, त्यांची बायको, देविका, समर. आणि त्यांच्यासमोर हात जोडून बसलेली सुचेता. त्या सगळ्यांनी मिळून शशिधरांविषयी चर्चा केली असणार. तिने त्यांचा सगळा स्वभाव तिथे उघडा करून मांडला असणार, आणि ते हेडमास्तर चष्मा पुसत मोठ्या मनाने म्हणाले असतील, जाऊ द्या ताई. त्या माणसाने आपल्याला माफ करायचं. हा विचार आला आणि घशाशी आलेले शब्द मागे गेले.

"मी त्यांचं कौतुकच केलं होतं," शशिधर म्हणाले. "तू आठवून बघ. एक शब्द वाईट बोललो नव्हतो मी."

समरने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं तो भांडेल; चार वर्षांपूर्वी भांडला होता तसा. त्यांची तयारी होती. भांडण झालं असतं तर ते कदाचित बोललेही असते. पण समरने हातमोजे घातले, एकेक बोट नीट बसवलं, आणि म्हणाला, "ओके, बाबा."

कर्स्टी वर आली तेव्हा तिने दोघांचा फोटो काढू का विचारलं. नको म्हणायला दोघांनाही सुचलं नाही. ते धबधब्याकडे पाठ करून शेजारी शेजारी उभे राहिले.

परतीला ओढ्यात शशिधरांनी अंगठा सोडला नाही. गाडीत हीटर लावून समरने त्यांचे मोजे डॅशबोर्डवर वाळत घातले. वाटेत एका ठिकाणी थांबून सूप घेतलं. ते हवामानावर बोलले, हॅरोतल्या बागेच्या कुंपणावर बोलले, ट्रेनच्या वेळेवर बोलले. हॉटेलपाशी समर उतरला, बॅगेतून त्यांचं सुकं जॅकेट काढून दिलं. रक्तदाबाची गोळी वेळेवर घ्या म्हणाला. मी नंबर मेसेज करून ठेवतो, असंही म्हणाला. मग वाकून त्यांच्या पायाला हात लावला, जसं आईने लहानपणी शिकवलं होतं तसं, आणि गेला.

नंबर दहा मिनिटांत आला. शशिधर पलंगावर बसून तो बघत राहिले. मग फोन उपडा ठेवला.

रविवारी परतीच्या गाडीत त्यांनी आशाला फोन लावायचं ठरवलं. तिला जाब विचारायचा होता. क्रेमेटोरियममध्ये ही बाई त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली होती. पण काय विचारायचं ते नीट जुळेना. तिने उलट विचारलं असतं, की भावजी, तिला खोटं का बोलावं लागलं. त्यांनी फोन लावला नाही. खिडकीबाहेर समुद्र आला आणि गेला. त्यांना सुचेताचा राग आला, इतका की डोळ्यांत पाणी आलं. समोरच्या सीटवरच्या बाईने टिश्यू पुढे केला, तर ते तिला म्हणाले, सर्दी आहे.

मंगळवारी संजयच्या बायकोने जेवायला बोलावलं. तिने मुद्दाम वालाचं बिरडं केलं होतं. शशिधरांनी सगळं रंगवून सांगितलं. बाइक कशी असते, जंगल किती दाट होतं, ओढ्यात आपण कसे अडकलो, गाइडने कसं ओढून काढलं. संजय पोट धरून हसला. या वयात कमाल आहे, म्हणाला. मग फोटो बघितला. बापलेक किती सारखे दिसतात, संजयची बायको म्हणाली. आणि भात वाढता वाढता तिने विचारलं, "आणि नात? नात कशी आहे?"

"सान्वी," शशिधर म्हणाले. "गोड आहे. आधी लाजत होती. मग मांडीवरून उतरेना."

"कुणासारखी दिसते?"

"डोळे सुचेताचे," ते म्हणाले.

संजयच्या बायकोने पदराने डोळे पुसले. सुचेताताईंना बघायला मिळायला हवं होतं हो, ती म्हणाली. शशिधरांनी मान हलवली आणि भाताला हात घातला. ताटात बिरडं गार होत होतं. सून कशी आहे, असं संजयने विचारलं, तेव्हा ते त्याविषयीही चांगलंच बोलले. दोघांनी सगळं खरं मानलं. न मानायला काही कारणच नव्हतं. शशिधर राजवाडे खोटं बोलत नाहीत, हे मंडळात प्रत्येकाला ठाऊक होतं.